तुरुंगात डॉक्टर आहे, मग अडतं कुठे?

‘गुन्हा केलाय, आता भोगू दे.’ तुरुंगातल्या आजारी माणसाचा विषय निघाला की अकोल्यात काय नि अमरावतीत काय, हे वाक्य फार सहज येतं. पण आत असलेले बहुतेक जण गुन्हेगार ठरलेलेच नसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशातले ५,७३,२२० बंदी आहेत. त्यांतले जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. आणि शिक्षा झालेल्यालाही कोर्टाने कैद सुनावलेली असते, औषधावाचून तडफडणं नव्हे.

‘आत सरकारी डॉक्टर असतोच की!’ असतो, पण किती जणांना? आदर्श कारागृह नियमावली ३०० बंद्यांमागे एक डॉक्टर मागते. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५’नुसार प्रत्यक्षात देशभरात एकामागे सरासरी ७७५ बंदी आहेत. हृदयविकार, डायलिसिस, शस्त्रक्रिया यांसाठी बाहेरच न्यावं लागतं; अमरावतीत इर्विन रुग्णालयात, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात. डॉक्टरने चिठ्ठी लिहिली तरी पोलिसांचा गार्ड मिळेपर्यंत बंदी हलत नाही. सणाचा किंवा निवडणुकीचा बंदोबस्त लागला, की तपासणीची तारीख हुकण्याची भीती.

घरच्यांना यातलं फारसं कळतच नाही. धारणीहून मुलाखतीला आलेल्या बाईची मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, आणि नवऱ्याला कोणती गोळी चालू आहे ते काही मिनिटांत तो सांगेल तेवढंच समजतं.

‘आजारी पडला की जामीन मिळतो’ हा समज तर क्रूर आहे. कायदा आजारी माणसाला जामीन देता येईल एवढंच म्हणतो, निर्णय न्यायालयाचा. नव्वद टक्के अपंगत्व असलेले, व्हीलचेअरवरचे प्रा. जी. एन. साईबाबा माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपाच्या खटल्यात नागपूर मध्यवर्ती कारागृहात होते. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्या आई कर्करोगाने गेल्या. साईबाबांना ना आईची शेवटची भेट मिळाली, ना अंत्यविधीला जाता आलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना ५ मार्च २०२४ रोजी निर्दोष सोडलं आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ते वारले. याच खटल्यातले गडचिरोलीचे तरुण पांडू नरोटे यांना तर निर्दोष ठरल्याचा निकाल ऐकायलाच मिळाला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेत असतानाच आजाराने त्यांचा मृत्यू झाला होता.

असे मृत्यू कागदावर ‘नैसर्गिक’ ठरतात. २०२२ मध्ये देशातल्या तुरुंगांत १,९९५ मृत्यू झाले, त्यांतले १,७७३ या रकान्यात. बहुतेक आजाराचे. म्हणून ते टळणारे नव्हते, असं मुळीच नाही. कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूची खबर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत द्यायची असते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशीची तरतूदही आहे.

मात्र मृत्यूची वाट पाहायची गरज नाही. कैदेतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. वकिलामार्फत दिलेल्या अर्जात आजार, आधीचे कागद आणि हुकलेल्या तारखा लिहिल्या, तर न्यायालय कारागृह अधीक्षकांकडून वैद्यकीय अहवाल मागवू शकतं आणि बाहेरच्या रुग्णालयात नेण्याचा आदेशही देऊ शकतं.