मनाच्या आरोग्याचा तास

खो-खो खेळताना मित्राचा पाय मुरगळला तर काय करायचे, हे तुम्हांला सांगायला नको. त्याला खाली बसवायचे, बर्फ लावायचा, सरांना हाक मारायची. पण तोच मित्र डबा न खाता परत नेऊ लागला, मैदानावर येईनासा झाला, 'कशातच राम नाही' असे आठवडेच्या आठवडे म्हणू लागला, तर? बहुतेक जण म्हणतील, "येईल ठिकाणावर!"

मनाचा आजार ओळखता येणे, मदत कोठे मिळते हे ठाऊक असणे आणि ती मागताना लाज न वाटणे, या जाणतेपणाला ऑस्ट्रेलियातील अँथनी जॉर्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली 'मानसिक आरोग्य साक्षरता' असे नाव दिले. नाव छान आहे. पण ही साक्षरता शाळेत शिकवून येते का? मी पडलो पदार्थविज्ञानाचा माणूस. प्रयोग दाखवा, मगच बोला, ही आमची खोड!

असा प्रयोग झालेला आहे. युरोपातील दहा देशांतल्या १६८ शाळा आणि साधारण पंधरा वर्षांची ११,००० हून अधिक मुले त्यात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे शाळांचे चार गट पाडले. पहिल्या गटात शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवले. दुसऱ्यात प्रश्नावलीवरून अडचणीतली मुले शोधून त्यांना तज्ज्ञांकडे पाठवले. तिसऱ्यात मुलांनाच शिकवले. एकूण तास अवघे पाच. त्यांतले तीन निरनिराळे प्रसंग स्वतः वठवून पाहण्याचे. चौथ्या गटात वर्गात फक्त तक्ते लावले. हा चौथा गट कशाला, असे विचाराल. तो नसता तर झालेला बदल शिकवण्यामुळे झाला की नुसते वय वाढल्यामुळे, हे कसे कळले असते?

निष्कर्ष २०१५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. वर्षभरानंतर चौथ्या गटातील शेकडा १.५१ मुलांनी जीव देण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले. तिसऱ्या गटात हे प्रमाण ०.७० होते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पहिल्या दोन गटांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मुलांना स्वतः शिकवणेच कामी आले!

आपल्याकडे बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सरकारी शाळांत गोव्याच्या 'संगथ' संस्थेने एक कार्यक्रम तपासला. काही शाळांत तो शिक्षकांनी चालवला, काहींत त्यासाठीच तयार केलेल्या समुपदेशकांनी. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, साधी माणसे होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार समुपदेशकांच्या शाळांत उदासी आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत तसे दिसले नाही. शिक्षकबंधूंनो, रागावू नका. माझा तर्क असा, की आधीच दहा कामे डोक्यावर असलेल्या माणसाला अकरावे दिले की हे व्हायचेच.

तुमच्या शाळेत असा तास असेल वा नसेल, एवढे आजच लक्षात ठेवा. मित्र फारच खचलेला वाटला तर "जीव नकोसा वाटतो का?" असे सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. तो 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका. "कोणाला सांगू नकोस" अशी शपथ त्याने घातली तरी ती मोडा आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला त्याच वेळी सांगा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही उत्तर मिळते, आणि मराठीतून बोलता येते.