काळी पूड आणि विरार लोकल

आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलीच्या एम.एस्सी.च्या फीसाठी कर्ज मागितलं. कुणीतरी विचारलं, "ती शिकते तरी काय?" ताई म्हणाल्या, "काळी पूड खलते, भट्टीत भाजते, परत खलते." सगळ्या हसल्या. उत्तर मलाही येत नव्हतं, म्हणून मुलीकडूनच समजून घेतलं.

त्या पुडीला मँगनाईट म्हणतात. टॉर्चच्या सेलमधल्या काळ्या पुडीत जे मँगनीज असतं, तेच यात. आपल्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला त्याची खाण आहे. जोडीला लँथेनम नावाचा धातू आणि ऑक्सिजन. एवढंच असलं तर त्यातून वीज नीट वाहत नाही, आणि ते चुंबकही होत नाही.

सकाळची विरार लोकल आठवा. डबा गच्च, जिथे उभ्या तिथेच उभ्या. वीज म्हणजे इलेक्ट्रॉन नावाच्या बारीक कणांचं सरकणं, आणि इथे सरकायला जागाच नाही. लँथेनमचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन देतो, स्ट्रॉन्शियमचा दोनच. दहातले तीन लँथेनम काढून तिथे स्ट्रॉन्शियम बसवलं, की डब्यातून काही जणी उतरल्यासारखं होतं. फट पडते, सरकासरकी सुरू होते.

मँगनीजचा एकेक अणू म्हणजे इवलासा चुंबक. शेजारच्या दोघांची तोंडं एकाच दिशेला असली तर इलेक्ट्रॉनला सहज पलीकडे जाता येतं. त्यामुळे सगळेच एका दिशेला वळतात आणि पूड चुंबक होते, तीही साधारण ९५ अंश तापेपर्यंत. स्ट्रॉन्शियमऐवजी तेवढंच कॅल्शियम, म्हणजे आपल्या चुन्यातलं, घातलं तर मात्र शून्याखाली वीसेक अंशांच्या थंडीतच हे जमतं. हॉलंडमध्ये १९५० साली यांकर आणि व्हान सांतेन या दोघांनी हे दाखवलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही मँगनाईटवर काम झालं आहे.

एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे भेसळच की!" मावशी, भेसळ लपवून करतात. इथे मोजून घालतात, आणि माप चुकलं तर काम बिघडतं. निम्मं कॅल्शियम झालं की थंडीत वीज पुन्हा अडते. म्हणून ते तासन्‌तास खलणं आणि हजार-बाराशे अंशांवर भाजणं. कण सगळीकडे सारखा मिसळायला हवा ना.

हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या एका प्रकारच्या इंधन घटात हीच स्ट्रॉन्शियमवाली पूड वापरतात. कर्जाचा अर्ज येत्या बैठकीत पुन्हा येणार आहे. मुलीलाही बोलावलंय, पुडीची डबी घेऊन.