नॅचेझच्या न्हाव्याच्या वह्या

अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ गावात विल्यम जॉन्सनची केशकर्तनाची दुकाने होती. जन्म 1809चा, गुलामीतला. 1820मध्ये मालकाने त्याला मुक्त केले. हा मालक बहुधा त्याचा बापच. मेहुण्याच्या हाताखाली वस्तरा धरायला शिकून पुढे त्याने तेच दुकान विकत घेतले. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या दाढ्या केल्या, स्नानगृह चालवले, व्याजाने पैसे दिले. आणि 1835पासून रोजनिशी लिहिली.

तिच्यात गल्ला, उधारी, लिलाव, घोड्यांच्या शर्यती, रस्त्यावरच्या मारामाऱ्या असे सगळे आहे. खुर्चीत बसलेला माणूस न्हाव्यासमोर मोकळा बोलतो, म्हणून गावाची इतकी बारीक नोंद दुसऱ्या कुणाला जमली नसती. पण त्याच वह्यांत हेही आहे की जॉन्सन स्वतः गुलाम बाळगत होता. स्टीव्हन नावाच्या गुलामाला त्याने विकले, आणि त्याचे वाईट वाटले तेही लिहिले. ही पाने वाचताना मन घट्ट करावे लागते. ती वगळून जॉन्सनला थोर ठरवणे मला मान्य नाही.

1851च्या जूनमध्ये जमिनीच्या हद्दीवरून बेलर विन याच्याशी असलेल्या वादात जॉन्सनवर गोळी झाडली गेली आणि तो मेला. विनवरच्या खटल्यात साक्षीदार कृष्णवर्णीय होते. गोऱ्याविरुद्ध त्यांची साक्ष कायद्याने चालत नव्हती, आणि आपण कृष्णवर्णीय नाही असे विनचे म्हणणे होते. तो सुटला. हद्दीच्या त्या वादाच्या नोंदी मात्र मयताच्या हस्ताक्षरात शिल्लक होत्या.

त्या शिल्लक राहिल्या घरच्यांमुळे. यादवी युद्ध झाले, गुलामगिरी गेली, जॉन्सनच्या मुली शाळांत शिकवू लागल्या, पण स्टेट स्ट्रीटवरचे विटांचे घर कुटुंबाकडेच राहिले आणि कागदही. रोजनिशीबरोबर हिशेबाच्या चोपड्या, पावत्या, पत्रे, सारे त्यांनी सांभाळले. छोट्या दुकानदाराच्या घरात मालक गेला की पहिली रद्दीत जाते ती उधारीची वही. एवढ्या वर्षांत कुणी ती टाकली नाही, हे मला रोजनिशीइतकेच मोलाचे वाटते.

1938मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने हा संग्रह मिळवला. त्या विद्यापीठात तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. तो 1950पासून, कोर्टकचेऱ्या करून मिळू लागला. 1951मध्ये रोजनिशी छापली गेली. कुटुंबातल्या बायकांची पत्रे मात्र पुस्तकरूपात यायला 1998 उजाडले. घर आता राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे, आणि मूळ कागद बॅटन रूजमधल्या त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात.