लाल दिव्याच्या अलीकडे

संगणकातल्या आवाजाला वरची हद्द आहे आणि त्या हद्दीचे नाव शून्य. त्याखालचे सारे काही ऋण आकड्यांत मोजतात. 1982 साली सीडी बाजारात आली तेव्हापासून रुळलेल्या 16 बिटांच्या पद्धतीत आवाजाचा प्रत्येक क्षण 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवला जातो. सर्वांत वरच्या पायरीनंतर पुढे काहीच नाही. ध्वनिलहरीचा माथा तिच्याहून उंच गेला, तर तो सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो.

हे फाटणे मोजता येते. 100 हर्ट्झचा शुद्ध स्वर पूर्ण सपाट होईपर्यंत कापला, की त्यात मुळात नसलेले 300, 500, 700 हर्ट्झचे स्वर तयार होतात. त्यांची उंची मूळ स्वराच्या अनुक्रमे एक तृतीयांश, एक पंचमांश, एक सप्तमांश असते. माथ्याची उंची तेवढीच राहते, पण चौकोनी झालेल्या लहरीत मूळ लहरीच्या दुप्पट शक्ती असते. ही जास्तीची शक्ती उष्णता होऊन स्पीकरच्या तारेत उतरते. उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, म्हणजे ट्वीटरची, तार सर्वांत बारीक, म्हणून तोच आधी जळतो. डीजेच्या सॉफ्टवेअरमधले, गाण्याची पातळी चढवणारे-उतरवणारे 'गेन' नावाचे छोटे गोल बटन इतके महत्त्वाचे का, ते इथे कळते.

तरीही मीटर लाल होईपर्यंत आवाज चढवण्याची सवय जगभर आहे, आणि तिला इतिहास आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजने सीबीएस आणि एनबीसी या रेडिओ कंपन्यांबरोबर व्हीयू मीटर विकसित केला आणि 1939 पासून तो वापरात आला. त्याचा काटा सुमारे 300 मिलिसेकंदांत स्थिरावतो. त्यामुळे तो एकेका थापेमागे धावत नाही, साधारण सरासरी दाखवतो. त्याच्या शून्यापुढे लाल पट्टा असे, पण तिथेही यंत्रणेला पुष्कळ मोकळीक उरलेली असे आणि टेपवरचा आवाज एकदम न फाटता हळूहळू दबत जाई. पुढे डिजिटल काळात या जुन्या शून्याची जागा ठरवावी लागली. युरोपातील प्रसारण संस्थांनी ते डिजिटल कमाल पातळीच्या 18 डेसिबल खाली धरले, अमेरिकेत 20 डेसिबल खाली. जुन्या आणि डिजिटल शून्यामधले हे अंतर ज्याच्या ध्यानात आले नाही, तो जुन्या यंत्रावरची मोकळीक नव्या यंत्रावर शोधत राहतो.

आता सॉफ्टवेअरच्या आत पाहू. इथली व्यवस्था खरोखर थक्क करणारी आहे. आजची बहुतेक डीजे सॉफ्टवेअर गाणे उघडले की त्याचे आकडे 32 बिटांच्या 'फ्लोटिंग पॉइंट' रूपात हाताळतात. या रूपात शून्याच्या वरही सुमारे 770 डेसिबल इतकी जागा असते. निसर्गात असा आवाज संभवतच नाही. म्हणजे डेकचा, गाणे जिथे वाजते त्या भागाचा, मीटर लाल झाला तरी सॉफ्टवेअरच्या पोटात सहसा काहीच तुटलेले नसते. पुढे मास्टरची, म्हणजे एकत्रित आवाजाची, पातळी खाली घेतली की लहर जशीच्या तशी परत मिळते. एमपी3 फाइलचे तर याहून नवल. ती ध्वनीच्या पायऱ्या साठवत नाही, कंप्रतांचे वर्णन साठवते. जोरकस गाण्याची फाइल उलगडताना माथे शून्याच्या वर जाऊ शकतात, आणि गेन वेळीच कमी केला तर तेही न कापले जाता बाहेर पडतात. खरी कात्री साउंड कार्डाच्या दाराशी आहे. आकड्यांचे विजेच्या दाबात रूपांतर होते त्या ठिकाणी शून्यापुढचे सारे काही कायमचे जाते. त्यानंतर कोणतेही बटन फिरवले तरी ते परत येत नाही.

म्हणून पातळी सुरुवातीलाच, डेकच्या गेनवर बसवायची. पण प्रत्येक गाण्याची पातळी वेगळी असते, आणि इथे डीजेला सर्वांत जास्त त्रास होतो. 1975 च्या 'शोले'मधले गाणे जुन्या प्रतीतून वाजवून लगेच 2016 च्या 'सैराट'मधले 'झिंगाट' लावले, तर दोन्हींचे माथे शून्याजवळ असूनही दुसरे कितीतरी मोठे ऐकू येऊ शकते. कानाला मोठेपणा माथ्यावरून कळत नाही, माथ्यांच्या खाली किती भरणा आहे त्यावरून कळतो. नव्वदच्या दशकापासून निर्मात्यांमध्ये हा भरणा वाढवण्याची चढाओढ लागली. तिने संगीताचे नुकसान केले असे माझे ठाम मत आहे, पण डीजेला हाती आलेली फाइलच वाजवावी लागते.

या गोंधळावर उपाय शोधणाऱ्यांत डेव्हिड रॉबिन्सन यांचे नाव आदराने घ्यायला हवे. 2001 साली त्यांनी 'रीप्लेगेन' ही पद्धत मांडली. गाणे आधी पूर्ण ऐकून मानवी कानाच्या हिशेबाने त्याचा मोठेपणा काढायचा, आणि वाजवताना गाण्यामागे किती डेसिबल कमी-जास्त करायचे तो आकडा फाइलबरोबर ठेवायचा. मूळ ध्वनीला हातही लावायचा नाही. 2006 साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मोठेपणा मोजण्याचे सूत्र प्रमाणित केले, 2010 मध्ये युरोपातील प्रसारकांनी त्यावर आपला नियम बेतला. या मोजमापाचे एकक म्हणजे एलयूएफएस. 'मिक्स' नावाच्या मुक्त स्रोत डीजे सॉफ्टवेअरमध्ये रीप्लेगेनची नवी आवृत्ती आहे, तिचे लक्ष्य उणे 18 एलयूएफएस. उणे 8 वर असलेले आजचे नाचाचे गाणे ती 10 डेसिबलनी खाली आणते, उणे 16 वरचे जुने गाणे फक्त 2 डेसिबलनी. इतर सॉफ्टवेअरमध्ये हेच काम 'ऑटोगेन' करतो.

ऑटोगेनवर सगळे सोपवून मात्र चालत नाही. त्याचा आकडा अख्ख्या गाण्यासाठी एकच असतो. लांबलचक शांत सुरुवात असलेल्या गाण्यात पुढे किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, आली, की तो भाग लक्ष्याच्या बराच वर जातो. जाणता डीजे हेडफोनवर गाण्याचा सर्वांत जोरकस भाग आधी काढतो, आवाज बाहेर सोडणारी पट्टी, म्हणजे फेडर, बंद ठेवून मीटर पाहतो आणि गेन त्या भागावर बसवतो.

दोन गाणी एकत्र आली की गणित आणखी कडक होते. एकमेकांशी संबंध नसलेले, सारख्या ताकदीचे दोन आवाज मिळाले तर पातळी 3 डेसिबलनी वाढते. दोन लहरी तंतोतंत जुळल्या तर 6 डेसिबलनी. पूर्वी अशी जुळणी सोपी नव्हती. एके काळी गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर डीजे डॅट या डिजिटल टेपवरून संगीत वाजवत, कारण उन्हात तबकड्या वाकत. डॅटवर गती बदलण्याची सोय सहसा नसे, त्यामुळे तिथे ठेक्यावर ठेका बसवणे अवघड होते. आजचे 'सिंक' बटन हे काम इतके अचूक करते की दोन्ही गाण्यांच्या किक एकाच क्षणी पडतात आणि माथ्यावर माथा चढतो. उणे 3 वर असलेले दोन माथे त्या क्षणी अधिक 3 पर्यंत जाऊ शकतात. म्हणून मास्टरवर किमान 6 डेसिबल जागा मोकळी ठेवायची आणि नवे गाणे आणताना जुन्याचा बेस खाली घ्यायचा. ईक्यूने बेस वाढवून जोर आणण्यापेक्षा दुसऱ्याचा कमी करणे केव्हाही चांगले. शेवटी माथे आपोआप रोखणारा लिमिटर असतोच, पण तो सतत काम करू लागला तर किकचा ठोसा बोथट होतो.

लॅपटॉपच्या आवाजाची पट्टी, साउंड कार्डाचे बटन, बाहेरचा मिक्सर या वाटेवरही हेच तत्त्व: कुठेही लाल नको आणि कुठेही उगाच दबलेला आवाज नको, कारण दबलेला आवाज पुढे वाढवला की खरखरही वाढते. किती मोठा आवाज हवा ते ठरवायचे सर्वांत शेवटी, अ‍ॅम्पवर. तिथले हिशेब निष्ठुर आहेत. 3 डेसिबल वाढवायला दुप्पट वॉट लागतात, आणि कानाला साधारण दुप्पट वाटणाऱ्या 10 डेसिबलला दहापट. मिरवणुकीतल्या ट्रकवर स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात त्या याचमुळे. भारतात मात्र 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे.

कानाचा एक दोष इथे आड येतो. फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी 1933 साली दाखवले की कमी आवाजात कानाला बेस फार कमी ऐकू येतो. त्यामुळे आवाज थोडा चढवला की तेच गाणे भरदार वाटते आणि हात पुन्हा बटनाकडे जातो. रात्र चढते तसा कानही थकतो, कालची पातळी आज कमी वाटू लागते. अशा वेळी मीटरवर विश्वास ठेवावा. अमेरिकेतील निऑश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलमध्ये 8 तास सुरक्षित मानतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी 15 मिनिटांच्या सरासरीत 100 डेसिबल हीच कमाल मर्यादा सुचवली. डीजे मात्र स्पीकरजवळ तासन्‌तास उभा असतो. चांगल्या मिक्सरवर 'बूथ' हे वेगळे आउटपुट आणि त्याचे वेगळे बटन असते, ते यासाठीही वापरावे: हॉलचा आवाज न बदलता डीजेच्या कानांजवळचा आवाज त्यावरून कमी करता येतो.