पन्नास भालाईत आणि एक देवदूत

नातू सुट्टीत आला की माझी दुपारची झोप उडते. परवा त्याने संगणकावर एक जुना खेळ लावला, 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३'. न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंग या कंपनीने १९९९ साली केलेला. किल्ले, मोहरा, राक्षस, ड्रॅगन! मी मनात म्हटले, पोरखेळ. तेवढ्यात नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही बँकेत होतात ना? मग सांगा, तीन हजार मोहरांत एक देवदूत घेऊ की पन्नास भालाईत?"

हा तर चक्क कर्जमंजुरीचा प्रश्न! मी चष्मा पुसला आणि कागद पुढे ओढला.

भालाइताची किंमत ६० मोहरा. हल्ला ४, बचाव ५, प्राण १०, एका वारात १ ते ३ इजा. देवदूताला ३००० मोहरा आणि वर एक रत्न. हल्ला २०, बचाव २०, प्राण २००, इजा ५०. नियम असा की, मारणाऱ्याचा हल्ला समोरच्याच्या बचावापेक्षा जितका जास्त, तितक्या अंकांमागे ५ टक्के इजा वाढते. जितका कमी, तितक्या अंकांमागे अडीच टक्के घटते. म्हणजे देवदूताचा वार ८७चा, आणि भालाइताचा सरासरी जेमतेम १.२चा.

नशीब, सेनापती वगैरे बाजूला ठेवून मी फेऱ्या मांडल्या. प्रत्येक फेरीत दोघांचा एकेक वार आणि एकेक प्रतिवार. तिसऱ्या फेरीअखेर पन्नासही भालाईत संपले. देवदूत उरला, पण दोनशेपैकी जेमतेम २८ प्राण घेऊन.

"आणि साठ असते तर?" नातवाने सहज विचारले. पुन्हा आकडेमोड. या वेळी दुसऱ्याच फेरीत देवदूत पडला आणि साठातले ३४ भालाईत उभे राहिले! माणसे फक्त दहा वाढली, आणि सर्वनाशाचा विजय झाला.

यात जादू नाही. एकत्र तुकडीत जखम एकावरच साठते, बाकीचे पूर्ण ताकदीने लढतात. जास्त माणसे म्हणजे जास्त वार, शिवाय ती टिकतातही जास्त वेळ. असा दुहेरी फायदा होतो. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ सालच्या आपल्या पुस्तकात हेच सूत्र मांडले : जिथे सगळ्यांना एकाच वेळी मारा करता येतो, तिथे ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. संख्या २० टक्के वाढली, तर ताकद ४४ टक्के.

खेळ रचणारेही कच्चे नव्हते. मूळ हिशेबाने किल्ल्यात आठवड्याला १४ भालाईत तयार होतात, देवदूत एकच. समतोल राखायचा तो असा.

कागद घडी करताना मात्र हात थांबला. १९८९ साली मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. बारा बायका शेळ्यांसाठी कर्ज मागायला आल्या. मी एकेकीचा अर्ज तपासला. जमीन नाही, तारण नाही, जामीनदार नाही. बाराही नाकारले. त्यांतली एक म्हणाली, "सायेब, आमी बाराजणी एकमेकींला जामीन हाय की!" मला तेव्हा हसू आले होते. पुढे १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, ५०० गटांपासून. त्या बाईचेच म्हणणे, फक्त परिपत्रकाच्या भाषेत.

मी बारा वेळा 'एक' तपासला होता. 'बारा' तपासलेच नव्हते.

"मग साठ घेऊ?" नातवाने विचारले.

"मोहरा किती आहेत?"

"तीनच हजार. सहाशे कमी पडतात."

सहाशे! इतकेच कमी पडत असते पुष्कळांना. मी काही बोललो नाही. नातवाने वाट पाहिली आणि मग गुपचूप देवदूत घेतला.