हरलात तर पत्त्यांना दोष नाही

गर्दीच्या वेळी कुर्ल्याला उतरायचं असेल तर आधी दारातल्यांना खाली उतरावं लागतं. आत अडकलेला एक जण सुटावा म्हणून चार जण क्षणभर प्लॅटफॉर्मवर उभे राहतात आणि तो बाहेर पडला की परत चढतात. फ्रीसेल हा पत्त्यांचा डाव नेमका याच हालचालीवर उभा आहे. तिथेही एकेक पान तात्पुरतं ठेवायला मोकळ्या जागा चारच. त्या भरल्या आणि हलवण्यासारखं पान उरलं नाही, की खेळ खलास.

डाव एकट्याचा. कॅट पिसून बावन्नही पानं उघडी मांडायची: आठ उभ्या ओळी, पहिल्या चारांत सात-सात पानं, उरलेल्या चारांत सहा-सहा. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक यांचे चार ढीग एक्क्यापासून राजापर्यंत चढवत न्यायचे. तोवर ओळींमध्ये पानं उतरत्या क्रमाने, एक लाल एक काळं अशी लावायची. म्हणजे किलवरची नव्वी बदामच्या दश्शीवर चालते, चौकटच्याही चालते. हात एका वेळी एकच पान उचलतो, पण चारही जागा रिकाम्या असतील तर लागून लावलेली पाच पानं एका ओळीतून दुसरीत नेता येतात. शिवाय एखादी अख्खी ओळ रिकामी असेल तर दहा! म्हणून मुरलेला खेळाडू ढीग चढवण्याची घाई करत नाही, आधी ओळ रिकामी करतो.

हा डाव कुणा एकाच्या डोक्यातून निघालेला नाही, हातोहात आलेला आहे. १९२०च्या दशकात एका इंग्रजाने एका गृहस्थांना त्याचं जुनं रूप शिकवलं. त्यांनी ते आपल्या मुलाला, सी. एल. बेकर यांना शिकवलं. बेकर यांच्याकडून ते मार्टिन गार्डनर यांच्यापर्यंत पोचलं आणि त्यांनी जून १९६८च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या गणिती खेळांच्या सदरात छापलं. याच सदरातून मार्च १९७५मध्ये देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर जगाला माहीत झाले. पोस्टाने आलेल्या कोड्यांना आणि खेळांना इतकी मानाची जागा देणारा सदरलेखक पुन्हा झाला नाही, असं माझं मत आहे.

बेकर यांच्या डावात मात्र बदामवर बदामच लागायचं, इस्पिकवर इस्पिक. पॉल अल्फिल या इलिनॉय विद्यापीठातल्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १९७८मध्ये तो नियम सैल केला आणि लाल-काळ्याची अट घातली. ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक यंत्रणेवर त्याने तो लिहिला. बदल दिसायला किरकोळ, पण आता प्रत्येक पानाला एकाऐवजी दोन पानांवर जागा मिळू लागली. बेकर यांचे साधारण चारातले तीन डाव सुटतात, फ्रीसेलचे जवळजवळ सगळेच.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात याच प्लेटोवर जिम हॉर्न यांना हा डाव भेटला. त्यांनी १९८८मध्ये तो डॉससाठी लिहिला. पुढे ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि डावही त्यांच्याबरोबर गेला. विंडोज ९५बरोबर तो जगभरच्या कचेऱ्यांत शिरला. आपल्याकडे फोर्टपासून कुर्ल्यापर्यंतच्या ऑफिसांत साहेब आला की झटकन खाली जाणाऱ्या खिडक्यांमागे बहुधा हाच नाहीतर त्याचा भाऊ सॉलिटेअर असायचा.

हॉर्न यांची खरी करामत पुढेच आहे. त्यांनी डावांना १ ते ३२००० असे नंबर दिले. नंबर टाकला की संगणक तो २१४०१३ने गुणतो, त्यात २५३१०११ मिळवतो, २१४७४८३६४८ने भागून बाकी घेतो आणि तिच्यावरून एक पान ठरवतो. मग त्या बाकीवर पुन्हा हेच गणित, पुढच्या पानासाठी. पिसणं वाटतं खरं, पण त्यात नशीब औषधालाही नाही. एकच नंबर टाकला तर कुर्ल्यात आणि कॅनडात पानं अगदी तशीच पडतात. मग ‘अमुक नंबर सोडवून दाखव’ म्हणत मित्र एकमेकांना डाव देऊ लागले.

त्यातूनच प्रश्न निघाला: सगळे ३२००० सुटतात का? १९९४मध्ये डेव्ह रिंग यांनी इंटरनेटवरून शंभरावर माणसं जमवली आणि त्यांना शंभर-शंभर डाव वाटून दिले. एकाला न सुटलेला डाव दुसऱ्याकडे जायचा, तिथे अडला तर तिसऱ्याकडे. १९९५मध्ये काम संपलं तेव्हा एकच डाव उरला होता: ११९८२. पुढे संगणकांनीही तो सुटत नसल्याचा निर्वाळा दिला. विंडोजच्या नंतरच्या आवृत्तीत डाव दहा लाख झाले. त्यातले फक्त आठ न सुटणारे निघाले.

याचा अर्थ हा खेळ सोपा आहे असा नव्हे. पानांची संख्या वाढवत नेली तर हा प्रश्न संगणकशास्त्रातल्या अतिकठीण कोड्यांच्या गटात मोडतो, असं माल्टे हेल्मर्ट यांनी २००३मध्ये सिद्ध केलं. उत्तर सापडल्यावर ते तपासणं सोपं, पण शोधण्याची सर्वांसाठी चालणारी झटपट रीत कुणाला माहीत नाही. बावन्न पानांतही चौथ्या चालीची चूक चाळिसाव्या चालीला उघडी पडते.

विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमधला एखादा डाव अडला, तर आधी वरचा नंबर बघा. तो बत्तीस हजारांच्या आतला असेल आणि ११९८२ नसेल, तर डाव सुटतो. पुन्हा पहिल्यापासून लावा.