जास्त झालं, पण कोणतं जास्त?

रायपूरच्या समता कॉलोनीतून मी पुन्हा तुमच्यासमोर.

गेल्या आठवड्यात ओळखीतला एक तरुण लॅपटॉप घेऊन घरी आला. ब्रिटनमधल्या कंपनीचं पत्र होतं. त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "काका, डिक्शनरीत 'रिडंडंट' म्हणजे फालतू असं दिलंय. बारा वर्षं काम केलं, आणि मी फालतू?"

त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी त्या शब्दाची भावंडं बघू. 'जास्त' सांगणारे इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाची ड्यूटी वेगळी आहे.

सरप्लस : गरज भागून उरलेलं. दहा तंबू लागतात, बारा आले, तर दोन सरप्लस. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये नोंद करा आणि परत पाठवा. शब्दात दोष काहीच नाही. शिलकी अंदाजपत्रकाला इंग्रजीत सरप्लस बजेटच म्हणतात. आपल्या छत्तीसगढात 2024-25 च्या हंगामात सरकारने 149 लाख टनांच्या आसपास धान खरेदी केलं. त्यातून गरज भागून जे उरतं, ते सरप्लस. महाराष्ट्रात शाळेची पटसंख्या घटली की शिक्षक 'सरप्लस' ठरतात, तिथे मात्र हाच शब्द टोचतो.

एक्सेस : इथे आधी मर्यादा ठरलेली असते. विमानतळावर वजनकाटा मर्यादेपुढे गेला की एक्सेस बॅगेज. सामान तुमच्या गरजेचं असलं तरी पैसे भरावे लागतात.

ग्लट : हा बाजारातला शब्द. मूळ लॅटिन अर्थ गिळणे. खादाड माणसाला 'ग्लटन' म्हणतात, तो याच घरातला. बाजाराला गिळवेना इतका माल आला की ग्लट. लासलगावला कांद्याची आवक एकदम वाढते, भाव कोसळतो. जशपूरकडे टोमॅटोचं तेच. धान गोदामात राहतं, टोमॅटो राहत नाही. म्हणून धानाचं बहुधा सरप्लस होतं आणि टोमॅटोचा ग्लट.

सरफीट : मराठीत सरळ 'अजीर्ण'. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री 1135 मध्ये वारला. वैद्यांनी मना केलेले लॅम्प्री मासे खाऊन, असं जुन्या बखरकाराने लिहून ठेवलंय. इंग्रजीत 'लॅम्प्रींचं सरफीट' हा शब्दप्रयोग तिथूनच रूढ झाला.

प्लेथोरा : ग्रीक वैद्यकातला शब्द. अंगात रक्त जास्त झालं की हा विकार, आणि उपाय म्हणजे रक्त काढणे. आज लोक तो 'भरपूर' म्हणून कौतुकाने वापरतात. पण चोखंदळ वाचकाला त्यात 'नको इतकं' असा सूर ऐकू येतो. अर्जात जपून वापरा.

इनंडेट : हे क्रियापद आहे. एखाद्यावर पत्रांचा, फोनचा पूर आणणे. यात 'उंडा' हा लॅटिन शब्द आहे, म्हणजे लाट.

आणि आता रिडंडंट. त्यातही तीच लाट! भांडं भरून वरून वाहू लागलं, एवढाच मूळ अर्थ. 'फालतू' ही छटा नंतरची.

फौजेत आम्ही वायरलेसचे दोन सेट ठेवायचो. टेलिफोनची लाइन टाकायची, तर दुसरी वेगळ्या वाटेने. एक तुटली तर दुसरी आहे. याला रिडंडन्सी म्हणतात, आणि ती नसेल तर कमांडर झाडतो. विमानातही महत्त्वाच्या यंत्रणा याच हिशेबाने दुहेरी-तिहेरी असतात. म्हणजे तोच शब्द तिथे शहाणपणाचा.

ब्रिटनच्या 1996 च्या रोजगार कायद्यातही रिडंडन्सीची व्याख्या कामाला धरून आहे : त्या प्रकारच्या कामासाठी माणसांची गरज संपली किंवा घटली. माणसाच्या लायकीबद्दल त्यात अक्षर नाही. मी त्या मुलाला पत्र पुन्हा वाचायला लावलं. त्यात लिहिलं होतं, 'तुमचं पद रिडंडंट झालं आहे.' पद. तो नव्हे.

नोकरी गेली ती गेलीच, शब्दाने परत येत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने नवा बायोडाटा दाखवायला आणला. पहिल्याच ओळीत होतं, 'प्लेथोरा ऑफ एक्सपीरियन्स'. तेवढं मी खोडलं.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.